एकत्र बसवाल, पण मध्ये उभं कोण राहणार?

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



जिल्ह्याच्या गावी, रुग्णालयाच्या आवारातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. आमच्या कुंपणापलीकडे मेडिकल कॉलेज आहे आणि रस्ता ओलांडला की फिजिओथेरपीचं. तिन्ही आपल्याच विद्यापीठाची. परीक्षा आपण घेता, पदव्या आपण देता, तिघांच्या प्रमाणपत्रांवर शिक्का एकच असतो. विद्यार्थी मात्र एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ते वॉर्डात, रात्रपाळीला, पेशंटचं बीपी कोसळलेलं असताना. त्या क्षणी इंटर्नला सिस्टरचं नाव माहीत नसतं आणि सिस्टरला इंटर्नचा फोन नंबर.

या शाखांनी विद्यार्थिदशेतच एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावं, हा विचार जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये त्यावर अहवाल काढला आणि २०१० मध्ये त्याचा सविस्तर आराखडा दिला. आता आपल्याकडेही परिषदांत, परिपत्रकांत 'आंतरव्यावसायिक शिक्षण' हे शब्द दिसू लागलेत, 'आयपीई' हे त्यांचं छोटं रूप तर सर्रास ऐकू येतं. आनंदच आहे. फक्त ही सगळी चर्चा विद्यार्थ्यांना एकत्र बसवण्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्या वर्गात मधोमध जो शिक्षक उभा राहणार, त्याला कोणी तयार केलं आहे का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

अशा संयुक्त तासांना मी अनेकदा बसले आहे. त्यातला एक सांगते. कॉलेजचं नाव नको, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाची मुलं, आमच्या बीएस्सी नर्सिंगच्या मुली आणि मोजके मुलगे, फिजिओथेरपीची एक तुकडी. केस वॉर्डातलीच होती: पन्नाशीचा शेतमजूर, मधुमेह, पायाला चिघळलेली जखम, इन्सुलिन सुरू करून घरी सोडायचा. घ्यायला मेडिसिनचे सर. विद्वान माणूस, मनानेही चांगले. पुढच्या रांगांत पांढरे ॲप्रन, मागे आमच्या मुली, फिजिओवाले दाराजवळ. कोणी कोणाला बसवलं नव्हतं, सगळे आपणहून तसे बसले. सरांनी जखमेचं ग्रेडिंग विचारलं, पुढच्या रांगेतून हात वर झाले. मग इन्सुलिनचे प्रकार, मग डोस, मग गुंतागुंती. सगळं इंग्रजीतून, सगळं पुढच्या रांगेशी. शेवटी घड्याळ बघून सर मागे वळले आणि म्हणाले, "सिस्टर्स, एनी डाऊट्स?" कोणी काही बोललं नाही. हजेरीपटावर सह्या झाल्या, फोटो निघाला.

माझ्या पुढे बसलेली मुलगी मधेच मैत्रिणीच्या कानाशी कुजबुजली होती, "अगं, त्याच्या घरी फ्रिज नाहीये. इन्सुलिन ठेवणार कुठे?" त्या पेशंटची घरची सगळी माहिती तिने आदल्या दिवशी लिहून घेतली होती. मडक्यात मडकं ठेवून मधल्या पोकळीत ओली वाळू भरायची आणि आतल्या मडक्यात बाटली ठेवायची, हा उपायही तिला ठाऊक होता. तास सुटल्यावर फिजिओचा एक मुलगा पायऱ्यांवर सांगत होता, की त्या माणसाची उजवी चप्पल एका कडेने पार झिजली आहे, म्हणजे वजन तिथेच पडतं आणि जखम पुन्हा होणार. त्या शेतमजुराचा पाय वाचवणाऱ्या दोन गोष्टी खोलीत हजर होत्या आणि दोन्ही चर्चेच्या बाहेरच राहिल्या.

सरांना दोष द्यायचा तर कशाचा? त्यांना व्याख्यान द्यायला शिकवलं होतं, ते त्यांनी उत्तम दिलं. वेगवेगळ्या शाखांच्या मुलांना बोलतं करणं हे काम निराळं आहे आणि ते त्यांना कोणीही शिकवलेलं नाही. मला तरी कुठे शिकवलं होतं? एम.एस्सी. करताना लेसन प्लॅन, ओएचपी, मायक्रोटीचिंग सगळं झालं. समोर दोन धंद्यांची मुलं बसली आणि एक गट दुसऱ्याला दबून गप्प राहिला तर काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

हे काम येणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून ते शिकता येतं असं म्हणते. पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाच्या, एक मॅडम होत्या. त्या आधी खुर्च्या हलवायच्या. गोल करायच्या आणि एका शाखेची दोन मुलं शेजारी बसणार नाहीत असं बघायच्या. मग प्रत्येकाने नाव सांगायचं आणि या पेशंटचं आपण काय करतो ते एका वाक्यात. त्यांचा पहिला प्रश्न कधीच निदानाचा नसायचा. त्या विचारायच्या, "या बाईंना रात्री तीन वाजता कोण बघतं?" या प्रश्नाचं उत्तर हुशार एमबीबीएसकडे नसतं, ते नर्सिंगच्या मुलीकडे असतं. प्रश्न टाकला की मॅडम गप्प. दहा सेकंद, वीस सेकंद. वर्गातली वीस सेकंदं फार लांब असतात, शिक्षकाचा जीव कासावीस होतो. त्या थांबायच्या. कोणीतरी चाचरत बोलायला लागायचं. मधेच कोणी तोडलं तर मॅडम हात वर करून म्हणायच्या, "तिचं वाक्य पुरं होऊ दे." शेवटची काही मिनिटं त्या पेशंटवरून मुलांवर यायच्या: आज कोण जास्त बोललं, कोणाचं ऐकलं गेलं नाही, का?

शेवटचा भाग सर्वांत अवघड. आपल्या रुग्णालयांतली उतरंड तिथे उघडी पडते आणि ती काही नुसती डॉक्टर-नर्सची नसते. 'नीट'चा रँक आहे, मुलगा-मुलगी आहे, शहर-गाव आहे, इंग्रजी माध्यम आहे, जात आहे. मॅडमच्या तासात एकदा एका मुलाने सरळ सांगितलं, "मॅम, सिस्टर्सना आम्ही ऑर्डर देतो, डिस्कशन कशाला?" खोली तापली. प्रशिक्षण नसलेला शिक्षक अशा वेळी एक तर विषय बदलतो किंवा त्या मुलाला झापतो. दोन्हीत शिकणं थांबतं. मॅडमनी त्याला विचारलं, "तू चुकीची ऑर्डर लिहिलीस तर पहिल्यांदा कोणाच्या लक्षात यावं असं तुला वाटतं?" मग इन्सुलिनच्या केसपेपरवर चर्चा गेली. 'युनिट' पूर्ण न लिहिता नुसतं इंग्रजी 'यू' लिहिलं, की घाईच्या अक्षरात ते शून्यासारखं दिसतं आणि दहा युनिटांचे शंभर होतात. ही चूक जगभर झालेली आहे. ती पकडणारी शेवटची व्यक्ती सिरिंज हातात धरून उभी असते. मुलगा बराच वेळ केसपेपरकडे बघत होता.

आमच्या बाजूबद्दलही बोलायला हवं, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. नर्सिंगच्या शिक्षिकेला सुलभक, म्हणजे गटाला बोलतं करणारी, केलं की तास आपोआप समतेचा होतो, असं मुळीच नाही. कित्येकदा तो वर्षानुवर्षांच्या रागाचा निचरा होतो. "तुमचे रेसिडेंट आमच्याशी कसे बोलतात माहितीये का?" इथून सुरुवात होते आणि पेशंट बाजूलाच राहतो. शिवाय डॉक्टर आले की उभं राहायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे आमच्या मुलींना कोण शिकवतं? आम्हीच. प्रत्येक शिक्षक आपल्या शाखेचा चष्मा घालून खोलीत शिरतो. म्हणून अशा तासाला दोन शाखांचे दोन शिक्षक जोडीने हवेत, आणि जोडीने काम करायचं म्हणजे आलटून पालटून अर्धा-अर्धा तास व्याख्यान द्यायचं असं नसतं, हे त्यांना आधी शिकवायला हवं. एक बोलत असताना दुसऱ्याने गटाचे चेहरे वाचायचे, आपल्या दोघांत मतभेद झाला तर तो मुलांसमोर कसा मांडायचा, याचा सराव लागतो.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवरच्या पुस्तकात एक गोष्ट मांडली, ती इथे चपखल बसते. दोन गट नुसते जवळ आले म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, काम सामायिक हवं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय न होणारं हवं आणि वरिष्ठांचा त्याला उघड पाठिंबा हवा. यांतलं काही नसेल तर जवळिकीने पूर्वग्रह उलट घट्ट होऊ शकतात. वर सांगितलेल्या मेडिसिनच्या तासातून आमच्या मुली हेच घेऊन गेल्या असणार: आपण मागेच बसायचं असतं.

स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठाने १९८६ पासून हे शिक्षण अभ्यासक्रमात घेतलं आणि १९९६ मध्ये वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी मिळून चालवतील असा प्रशिक्षण वॉर्ड सुरू केला. खरे पेशंट, खऱ्या जबाबदाऱ्या, शिक्षक देखरेखीला. तिथल्या शिक्षकाचं सगळं कसब हात मागे बांधून उभं राहण्यात आहे. पेशंटला धोका होईल तिथे पुढे यायचं, एरवी मुलांना आपसात ठरवू द्यायचं. आपल्या राऊंडची सवय याच्या अगदी उलट आहे.

पुराव्याचं म्हणाल, तर चित्र अगदी लख्ख नाही आणि तसं भासवूही नये. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात असे १५ अभ्यास तपासले गेले. त्यातल्या ७ मध्ये परिणाम चांगले, ४ मध्ये संमिश्र, ४ मध्ये काहीच फरक नाही. अभ्यास लहान होते, तऱ्हातऱ्हांचे होते. पण मला त्याहून बोलकी वाटते ती शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टची हकीकत. सर्जन अतुल गवांदे, ज्यांचे वडील मूळ यवतमाळ जिल्ह्यातले, त्यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेसाठी ही यादी आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली. दिल्ली त्यात होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ वर, गुंतागुंतींचं ११ वरून ७ वर. त्या यादीत एक ओळ अशी, की चीर देण्याआधी ओटीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगावं. पुढे कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने चेकलिस्ट सक्तीची केली. १०१ रुग्णालयांचे आकडे २०१४ मध्ये छापले गेले. यादी पाळली जात असल्याचं जवळपास सर्वांनी कळवलं होतं, आणि मृत्यूंत म्हणावा असा फरक नव्हता. का, यावर तज्ज्ञांचे वाद झाले. माझं मत सांगते: वरून आलेला कागद भरणं आणि खोलीतल्या माणसांनी एकमेकांशी बोलणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर कोणीतरी समोर उभं राहून, शिकवून भरून काढावं लागतं. आयपीईचं परिपत्रक उद्या निघालं तर आपल्याकडेही टिकमार्कांचा पाऊस पडेल. आपल्या कॉलेजांना ते सहज जमतं.

आणि हे सगळं परदेशी आहे, असं कोणी म्हणू नये. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या. वैद्यकीय ज्ञान त्यांना दिलंच, पण त्यांचा आत्मविश्वास वाढवणं आणि जातीच्या भिंती ओलांडायला लावणं हेही प्रशिक्षणाचंच काम मानलं गेलं. एमडी झालेल्या माणसाने त्या बाईचं बोलणं पुरं ऐकून घेणं हे तिथे आपोआप घडलं नाही, ती पद्धत म्हणून रुजवली गेली. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. उतरंडीच्या तळाशी मानलेल्या माणसाला काय दिसतं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. ते आपल्या कॉलेजांच्या फाटकाआत आलेलं नाही, एवढंच.

का आलं नाही याची कारणं कागदावरही आहेत. डॉक्टरांचा राष्ट्रीय आयोग वेगळा, नर्सिंगचा कायदा वेगळा, फिजिओथेरपीसह इतर शाखांसाठी २०२१ चा कायदा वेगळा, फार्मसीची परिषद वेगळी. नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात २०१९ पासून विद्यार्थ्याने 'आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य' व्हावं असं लिहिलं आहे. सदस्य होणं कोण शिकवतं, विचारून बघा. मेडिकलच्या शिक्षकांना वैद्यकीय शिक्षणाचा बेसिक कोर्स बढतीसाठी सक्तीचा आहे. तो घेतात मेडिकलचेच शिक्षक, समोर बसतात मेडिकलचेच शिक्षक. आमच्या कार्यशाळा आमच्यापुरत्या. ज्यांनी उद्या मुलांना एकत्र शिकवायचं, ते स्वतः एका खोलीत कधी शिकलेलेच नाहीत.

इथेच आपल्या विद्यापीठाचं वेगळेपण आहे. १९९८ पासून मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी एकाच छताखाली आहेत. दिल्लीच्या आयोगांना जे जमवायला वर्षं लागतील, ते नाशिकहून एका पत्रावर सुरू होऊ शकतं. (फार्मसी आपल्याकडे नाही, हे खटकतं. औषधाच्या चुकांवर बोलायचं आणि फार्मासिस्टला बोलवायचं नाही, म्हणजे लग्नात नवराच नाही. शेजारच्या फार्मसी कॉलेजांना पाहुणे म्हणून तरी बोलवावं.)

म्हणून मागणी अशी. विद्यार्थ्यांचे संयुक्त तास सक्तीचे करण्याआधी शिक्षकांच्या मिश्र तुकड्या तयार करा. एका कॉलेजच्या आवारातून दोन किंवा तीन शाखांची जोडी यावी, एकटा माणूस नको. परत गेल्यावर एकटा माणूस काहीही बदलू शकत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक प्रशिक्षणाने सिद्ध केलं आहे. प्रशिक्षणात पीपीटी कमी आणि सराव जास्त: एकाने गट चालवायचा, बाकीच्यांनी हट्टी रेसिडेंट, अबोल विद्यार्थिनी, रागावलेली ट्यूटर व्हायचं आणि मग तासभर त्यावर बोलायचं. प्रमाणपत्र तिथेच वाटू नये. गावी जाऊन दोघांनी मिळून प्रत्यक्ष तास घेतले, दुसऱ्या शाखेच्या कोणी ते बसून पाहिले, त्यावर लेखी अभिप्राय दिला, की मग द्यावं. आणि ते प्रमाणपत्र सगळ्या शाखांच्या बढतीत मोजलं जाईल असं बघावं, नाहीतर डॉक्टर मंडळी तिसऱ्या दिवशी ओपीडीचं कारण सांगून निघतील.

आणखी एक. वॉर्डात खरं शिकवणारे आम्ही नसतोच. शिकवतात सीनियर रेसिडेंट आणि इन्चार्ज सिस्टर. त्यांची नावं कुठल्याच प्रशिक्षणाच्या यादीत नसतात. ती घ्या.

भाषेचंही ठरवा. संयुक्त तास मराठीत होऊ द्या, इंग्रजी संज्ञा हव्या तितक्या येऊ देत. वॉर्ड मराठीत चालतो, पाळी बदलताना ओव्हर मराठीत दिला-घेतला जातो, पेशंट मराठीत कण्हतो. इंग्रजी सुरू झाली की निम्मी खोली गप्प होते, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की याला पुराव्याची गरज मला वाटत नाही. परराज्यातून आलेल्या मुलांची अडचण होईल खरी. त्यांना पेशंटशी मराठीतच बोलायचं आहे, तेव्हा ही अडचण त्यांच्या फायद्याची आहे.

यावर उत्तर काय येईल, तेही ठाऊक आहे: पदं रिकामी आहेत, वेळापत्रकात जागा नाही. पदं रिकामी आहेत हे खरं. पण नवा तास मागतंय कोण? डिस्चार्ज रोज होतो, त्या पाऊण तासात सगळ्याच शाखांचं काम असतं. माता मृत्यूचं अन्वेषण तर करावंच लागतं. त्या बैठकीला डॉक्टर, सिस्टर, एएनएम सगळे असतात. बोलणं मात्र वरून खाली येतं, दोष खाली खाली उतरत शेवटी एएनएमच्या पदरात पडतो आणि फाईल बंद होते. तीच बैठक नीट तयार झालेल्या सुलभकाने चालवली, सर्वांत कनिष्ठ माणसाला सर्वांत आधी बोलू दिलं, तर विद्यार्थ्यांना दहा व्याख्यानांत मिळणार नाही ते तिथे मिळेल. जागा आहेत, माणसंही आहेत, बैठक चालवणारा तयार नाही.

राज्यभर एकदम करू नये, अशी माझी विनंती आहे. ज्या आवारांत मेडिकल, नर्सिंग आणि फिजिओथेरपी शेजारी शेजारी आहेत, अशी थोडी ठिकाणं निवडा. दोन वर्षं द्या. मुलांच्या प्रश्नावल्यांवर विसंबू नका, त्या नेहमी छानच येतात. वॉर्डातल्या औषधांच्या चुका किती नोंदवल्या गेल्या आणि त्या कोणी नोंदवल्या, हे बघा. सुरुवातीला आकडा वाढला तर घाबरू नका. लपलेलं दिसू लागलं असा त्याचा अर्थ असेल.

पुढच्या शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक आपल्याकडे लवकरच ठरायला घेतलं जाईल. त्याआधी शिक्षकांच्या पहिल्या मिश्र तुकडीचं पत्र काढा. आमच्या आवारातून मेडिसिनचे एक सर, फिजिओथेरपीच्या एक मॅडम आणि मी, तिघांची नावं तयार आहेत. टीए-डीए नाही मिळाला तरी येऊ.

आपली विश्वासू,
एक नर्सिंग शिक्षिका